उमी घरी पोचेपर्यंत

करमणूक कर कार्यालयातल्या कारकुनाने माझ्या अर्जावरून मान वर केली आणि विचारलं, "मुलीचं वय काय?"

"कोणत्या मुलीचं?"

"पिक्चरमधल्या. अर्जात लिहिलंय तुम्ही, एका लहान मुलीची कथा. लहान म्हणजे किती लहान?"

"आठेक वर्षांची असेल," मी म्हणालो. "पण ती खरी मुलगी नाही. कार्टून आहे. जपानी लोकांनी हाताने काढलेलं."

"काढताना कोणाला तरी समोर बसवलंच असेल ना."

मी स्वतः पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. माणसाला कसं अडवावं हे मला कोणी शिकवायला नको. पण समोरचा गृहस्थ ज्या शांतपणे आणि आवाज न चढवता अडवत होता, त्याला मी मनातल्या मनात दाद दिली. त्याने पुढे विचारलं, मुलगी एकटी डोंगरात जाते ती आईबापांच्या परवानगीने जाते का. नाचगाणं आहे का. धर्म कोणता दाखवलाय. आणि शेवटी, "शेवट काय होतो?"

इथे मी अडकलो. मुंबईच्या जपानी वकिलातीने चित्रपटाबरोबर जे माहितीपत्रक पाठवलं होतं त्यात सगळी गोष्ट होती, पण शेवटाच्या जागी एकच वाक्य होतं, की पुढे काय होते ते प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहावे.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," कारकून म्हणाला. "मग लिहून द्या, की शेवटास अर्जदार जबाबदार."

मी लिहून दिलं. सही केली. तारीख घातली.

एवढा खटाटोप कशासाठी, असं माझी बायको कुंदा रोज विचारत होती. खरं कारण क्षुल्लक होतं. परदेशात मोठं बक्षीस मिळालेला एक जपानी कार्टून चित्रपट शाळा आणि संस्थांना फुकट दाखवायला मिळतो, अशी बातमी मी पेपरात वाचली आणि आमच्या वैजूला वाचून दाखवली. वैजू तेव्हा चौथीत होती. तिने ती बातमी वर्गात अशी सांगितली, की माझ्या बाबांनी जपानहून पिक्चर मागवलंय. दुसऱ्या दिवशी तिच्या बाई मला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "कधी येतंय?" आता मुलीला खोटं पाडायचं की अर्ज करायचा, यात मी अर्जाची बाजू घेतली. अर्ज करायला संस्था लागते म्हणून बालचित्र मंडळ स्थापन झालं. त्याचा अध्यक्ष शेजारचा बन्सीलाल, ज्याचं कापडदुकान होतं आणि ज्याला जगातल्या प्रत्येक विषयाची माहिती होती. सचिव मी. सभासद कोणी नव्हते.

वकिलात नाही म्हणेल आणि सुटका होईल, या भरवशावर मी होतो. वकिलात हो म्हणाली. सोबत एक तंबीही दिली, की चित्रपटाची ही भारतातली एकमेव प्रत आहे, कृपया जपावे. त्या 'कृपया'ने माझी झोप उडवली.

प्रत आधी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात दाखवली जाणार होती. तिथून ती मी स्वतः घेऊन यायची आणि शनिवारी दुपारी जळगावात आमच्या शाळेच्या सभागृहात दाखवायची असं ठरलं. पाहुण्या म्हणून जिल्ह्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या पत्नी येणार होत्या. त्यांना सगळं गाव मॅडम म्हणे. ही कल्पना बन्सीलालची. "पाहुणे मोठे असले की वीज जात नाही," तो म्हणाला. मॅडम येणार म्हटल्यावर आमचे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंतेही येणार झाले, आणि आमच्या ऑफिसात त्या सुमारास बदल्यांचं वारं सुटलं होतं. लांब सातपुड्याच्या डोंगरात, धडगावला कोणाला पाठवायचं याचा विचार चालू असताना साहेबांच्या डोळ्यांसमोर आपण कशा रूपात उभे राहतो, याला महत्त्व असतं.

शनिवारी सकाळी मी देवपुरात पोचलो. प्रत ज्या पेटीतून आली होती तिची कडी तुटली होती, म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी रिळांचे डबे एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत घातले होते आणि वर कुलूप लावलं होतं. किल्ली मी जानव्याला बांधावी अशा भक्तिभावाने बनियनच्या आत पिनेने अडकवली. पांझरेचा पूल ओलांडून रिक्षा स्टँडवर आली, हमालाने ट्रंक जळगाव गाडीच्या टपावर चढवली आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून टप दिसतो का ते बघत बसलो. टप दिसत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला गाडीचा टप कधीच दिसत नाही, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

"भाऊ, आठे कोणी बठेल शे का?"

एक तरुण शेजारी उभा होता. मी मान हलवली तसा तो बसला आणि त्यानेही वाकून माझ्यावरून खिडकीबाहेर, वरच्या दिशेला बघायचा प्रयत्न केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तुमचंही सामान आहे वर?" मी विचारलं.

त्याचं नाव वना सोनवणे. सोनगीरचा. पशुसंवर्धन खात्यात नवाच लागला होता आणि गावोगाव शेतकऱ्यांना संकरित गाईचा माहितीपट दाखवणं हे त्याचं पहिलंच स्वतंत्र काम होतं. माझ्याशी तो हळूहळू शुद्ध बोलायला लागला, पण घाबरला की पुन्हा आपल्या बोलीत जाई. आणि तो बराच वेळ घाबरलेला होता. "आज संध्याकाळी असोद्याला कार्यक्रम शे. वरिष्ठ म्हणाले, गडबड झाली तर नोकरीची खात्री नाही."

मला तो मुलगा आवडला. समदुःखी माणूस आवडतोच. पारोळ्याला आम्ही चहा घेतला. एरंडोल येईपर्यंत मी त्याला उमीची गोष्ट सांगितली. म्हणजे मुलीचं नाव युमी, पण वैजूने आणि तिच्या वर्गाने तिला केव्हाच उमी करून टाकलं होतं. डोंगरातल्या एका गावातले सगळे आवाज धुक्याची एक म्हातारी मडक्यात भरून पळवून नेते. कोंबड्याची बांग नाही, जात्याची घरघर नाही, आईची हाक नाही. मग उमी एका लंगड्या बगळ्याला सोबत घेऊन ते मडकं आणायला निघते.

"मग?" वना म्हणाला.

"मग माहीत नाही."

जळगाव येईपर्यंत त्याने मला तेच आणखी दोनदा विचारलं.

जळगाव स्टँडवर काय झालं ते मी नंतर पुष्कळांना पुष्कळ वेळा समजावून सांगितलं आहे आणि कोणालाही पटलेलं नाही. टपावरून एक काळी ट्रंक उतरली, ती मी घेतली. मागाहून दुसरी काळी ट्रंक उतरली असेल. मी पाहिलं नाही, कारण बन्सीलाल टांगा घेऊन उभा होता आणि ओरडत होता की मॅडमचा निरोप आलाय, त्या वेळेआधीच येतायत.

सभागृह भरलं होतं. वैजूची सगळी शाळा जमिनीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर. प्रोजेक्टरवाला लोटन, जो एरवी लग्नांचे फोटो काढी, मशीन पुसून तयार होता. मी किल्ली काढली. किल्ली कुलपात गेली नाही.

"जपानी कुलूप असेल," बन्सीलाल म्हणाला. "उलटी फिरवून बघा. त्यांच्याकडे सगळं उलटं असतं."

किल्ली आतच जात नव्हती, तर उलटी फिरणार कशी. पण पहिल्या रांगेत मॅडम येऊन बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी माझे साहेब, आणि शंभर-दोनशे पोरं एका सुरात टाळ्या वाजवत होती. अशा वेळी माणूस विचार करत नाही. लोटनने हातोडीने कुलूप तोडलं, आतून डबे निघाले, रीळ चढलं, दिवे गेले.

पडद्यावर एक गाय आली.

सभागृहात पसंतीची कुजबुज झाली. गाय जिवंत होती, काळीपांढरी होती, आणि बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मी स्वतःशी म्हटलं, जपानी दिग्दर्शक सावकाश सुरुवात करतात असं ऐकलंय. मॅडम साहेबांकडे वाकून म्हणाल्या, "किती नैसर्गिक काढलीय, नाही?" साहेब म्हणाले, "कमाल आहे त्यांची."

गाय वळली आणि पाठमोरी उभी राहिली. एक माणूस कोपरापर्यंत रबरी हातमोजा चढवत आला.

"बाबा," वैजूचा आवाज अंधारातून स्पष्ट ऐकू आला, "यात उमी कुठेय?"

त्याच क्षणी कर्ण्यातून भारदस्त आवाज निघाला, "शेतकरी बंधूंनो, गाय माजावर आली हे कसे ओळखावे?"

लोटनला मशीन थांबवायचं बटण सापडेपर्यंत पुष्कळ शास्त्रीय माहिती देऊन झाली होती. दिवे लागले. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. पोरं फक्त वैजूकडे बघत होती, आणि वैजू आपल्या बुटांकडे. माझ्या नोकरीच्या काळात मला अनेक साहेबांनी झापलं आहे. त्यातल्या एकाही वेळी मला तसं वाटलं नाही, जसं त्या वाकलेल्या दोन वेण्या बघून वाटलं.

मॅडम उठल्या. त्या चिडल्या नाहीत, हे जास्त वाईट. "उद्या सकाळी दहाला मी मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत मिळेल का तुमचं पिक्चर?"

"हो," मी म्हणालो.

साहेब जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेंडाळे, धडगावची हवा फार चांगली आहे."

गाय कोणाची हे कळायला मला वेळ लागला नाही. वना तोच माहितीपट घेऊन असोद्याला गेला होता. म्हणजे असोद्याला आत्ता भारतातली एकमेव प्रत एका अनोळखी मशीनवर चढलेली असणार, किंवा कुठल्या तरी गोठ्यात पडलेली असणार. बन्सीलालने राजदूत मोटरसायकल काढली. ट्रंक कुठे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा ती माझ्या मांडीवर ठेवायची असं ठरलं. मध्ये वैजू बसली. मी तिला घरी जा म्हणालो, तर ती म्हणाली, "मला बघायचंय ते खरंच आहे का."

रस्त्यात बन्सीलाल मला धीर देत होता. फिल्म पेट्रोलसारखी पेटते. उंदरांना तिचा वास आवडतो. त्याच्या एका मेव्हण्याने लग्नाची फिल्म केळीच्या वखारीत ठेवली होती, तर ती कशी पिकली, ते त्याने सविस्तर सांगितलं. मी मांडीवरची गाय घट्ट धरून बसलो होतो. केळीच्या बागांतून गारठा अंगावर येत होता आणि माझ्या डोक्यात वकिलातीचं 'कृपया' घण घालावा तसं वाजत होतं.

असोद्यात शिरलो तर गल्ल्या ओस पडलेल्या. घरं उघडी, चुली पेटलेल्या, पण माणूस नाही. मग चौकाच्या बाजूने उजेड दिसला. सोसायटीच्या गोदामाच्या चुना दिलेल्या भिंतीवर, पुरुषभर उंचीची, लाल झगा घातलेली एक मुलगी एका लंगड्या बगळ्याच्या मागे चढण चढत होती. खाली सगळं गाव बसलं होतं. कोणी हलत नव्हतं.

वैजूने माझा हात सोडला आणि ती पुढे पळाली.

मशीनपाशी वना उभा होता. मला पाहून त्याने आधी माझ्या हातातल्या ट्रंकेकडे बघितलं. "भाऊ, मनी गाय शे ना?"

"आहे. माझं पिक्चर थांबवा."

"मी काय करू, भाऊ. किल्ली लागनी नही, कुलूप तोडं. मले वाटनं खात्यानी नवीन पिक्चर काढं व्हई. लावं, लंगडा बगळा दिखना तवय समजनं तुमनं शे, पन तोवर बठ्ठा गाव बठी गया. आते बंद करू तर मार खासू."

मी सचिवाला शोभेल असा आवाज काढला. "हे बघा, ही भारतातली एकमेव प्रत आहे. मी हिला घेऊन चाललोय."

पुढच्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ शांतपणे उठले. सरपंच कौतिकआबा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाले, "न्या भाऊ. तुमची वस्तू हाये. पन ती पोरगी आता डोंगरात हाये. तिले तठीच सोडून जाता का? तिले घरी पोचू द्या, मंग न्या."

यावर नियम असा काही नव्हता. मी बसलो.

बसल्यावर लक्षात आलं की पिक्चरचा आवाज जपानी, खाली पळणारी अक्षरं इंग्रजी, आणि तरी सगळ्यांना सगळं कळतंय. कारण समोर, अगदी भिंतीजवळ, ताईबाई नावाची एक आजी बसली होती आणि मोठ्याने सांगत होती. "पाहा आता. तो बगया तिले म्हन्तो, पोरी, मागं फिर. ती म्हन्ते, कशी फिरू? मह्या मायची हाक त्या मडक्यात हाये."

मी अक्षरं वाचली. बगळा म्हणत होता की हवामान बिघडण्याची चिन्हं आहेत. कर्तव्यबुद्धीने मी तसं सांगितलं. ताईबाई मागे वळली. "तुम्ही शिकेल दिसता," ती म्हणाली. "त्याच्या तोंडाकडे पाहा अन मंग सांगा, हवेचं बोलून राह्यला का तो." मी बगळ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि अक्षरं वाचायचं सोडून दिलं. तिचं बरोबर होतं असं नाही. पण सगळ्या गावाला तिचंच हवं होतं.

धुक्याची म्हातारी आली तेव्हा बाया पोरांना जवळ ओढून बसल्या. तिला तोंड नव्हतं, नुसते केस होते, डोंगरभर पसरलेले, आणि त्या केसांत कुठे तरी ते मडकं. उमी केसांच्या त्या रानात शिरली. आणि वीज गेली.

भिंत गेली, म्हातारी गेली, उमी गेली. अंधारात कोणीही ओरडलं नाही. एवढ्या माणसांचा नुसता श्वास ऐकू येत होता. वैजू कुठून तरी चाचपडत आली आणि माझ्या कुशीत बसली. तिचे हात गार पडले होते.

"बाबा, उमी सापडते का म्हातारीला?"

"माहीत नाही गं."

"तुम्ही तर मागवलंय."

तेवढ्यात कोणी तरी विचारलंच, की हे शिकेल भाऊ हायेत, त्यांना पुढचं माहीत असंन. कंदील आला. तो माझ्या तोंडासमोर धरला गेला. कौतिकआबांनी विचारलं, "भाऊ, सुटते का पोरगी?" मी माहितीपत्रकातलं ते वाक्य आठवलं आणि सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "वीज येऊ द्या." मला वाटतं, त्या संध्याकाळी सगळ्यांत तिरस्करणीय माणूस मीच होतो.

बन्सीलालने सल्ला दिला की राजदूतच्या दिव्याने फिल्म दिसेल. दोघा-तिघांनी मशीन चालवायला केळीच्या बागेतल्या पंपाचं इंजिन खोलून आणायचा विचार बोलून दाखवला आणि दोघे खरोखरच निघाले. वना मशीनवर स्वतःची चादर घालून, पिल्लाला जपावं तसा तिला धरून बसला होता. मी त्याला विचारलं, फिल्मला काही इजा तर नाही ना. तो म्हणाला, "नही भाऊ. पन ती पोर अंधारमा शे, ना." हा माणूस गोष्टींचा नाही, माहितीपटाचा आहे, असं मी स्वतःला बजावलं.

इंजिन वाटेत असतानाच वीज आली. दिवा भपकन पेटला, मशीन एकदा कुरकुरली आणि चालू झाली. भिंतीवर उमी केसांत चाचपडत होती, मग ती बाहेर पडली. छातीशी मडकं. सगळं गाव एकदम सावरून बसलं.

ती पळत सुटली. बगळा मागे राहिला. धुकं मागून येत होतं. डोंगर उतरून, ओढा ओलांडून ती आपल्या गावच्या वेशीशी आली, मडकं जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी झाकण उचललं.

काहीच झालं नाही.

म्हणजे चित्र चालूच होतं. कोंबडा छपरावर मान ताणून चोच उघडत होता. बैलाच्या गळ्यातली घंटा हलत होती. बाई जातं फिरवत होती. पण आवाज नव्हता. एवढा वेळ वाजणारा कर्णा मुका झाला होता.

मी कारण लगेच ताडलं. वीज आली तेव्हा मशीनने झटका खाल्ला होता. आवाजाचा भाग जळला, प्रत खराब झाली, आणि नेमक्या त्या जागी, जिथे एवढा डोंगर चढून आणलेले आवाज बाहेर पडायचे होते. मी वाकून वनाजवळ गेलो. तो कर्ण्याच्या तारा हलवत होता, खोक्यावर थापा मारत होता. "दिवा चालू शे, भाऊ. बठ्ठं चालू शे. आवाजच ये नही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

भिंतीवर कोंबडा पुन्हा मान ताणायला लागला. आणि गर्दीच्या मधून, कुठून तरी, एका पुरुषाने बांग दिली.

चांगली खणखणीत बांग. कोणी हसलं नाही. पडद्यावरचा बैल चालला तसा मागे बसलेला एक जण जिभेने टाळू वाजवून घंटा वाजवू लागला. जातं आलं तेव्हा चार बाया घशातून घरघर करू लागल्या. मग कुत्री, मग रहाटाचा करकराट, मग रडणारं पोर, त्यासाठी एक खरंखुरं पोर उपलब्ध होतं. जो आवाज ज्याला येत होता तो त्याने दिला. चित्र जिकडे जाईल तिकडे गाव त्याच्या मागे धावत होतं आणि एक आवाजही चुकू नये म्हणून सगळे पुढे झुकले होते. बन्सीलालने म्हैस काढली. मी त्याला बरीच वर्षं ओळखतो. त्याच्यात एवढी चांगली म्हैस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी उमीचं घर आलं. दारात आई, पाठमोरी. ती वळली, उमीला तिने पाहिलं, आणि तोंड उघडलं.

सगळे थांबले. हा आवाज कोणाचा, हे ठरलेलं नव्हतं.

ताईबाई बसल्या जागेवरूनच बोलली, फार मोठ्याने नाही. "उमे, किती उशीर केला वं माय. हात धू, भाकर घे."

भिंत पांढरी झाली. रीळ संपून पट्टी फटफट वाजत राहिली आणि वनाला ती थांबवायचं सुचत नव्हतं. वैजूने माझा शर्ट ओला केला होता. माझा चष्माही काही कारणाने धूसर झाला होता. गारठा होता.

कौतिकआबांनी स्वतः ट्रंक उचलून राजदूतवर दिली. वना आपली गाय लावायला लागला. लोक उठून चालले होते, पण त्याचा चेहरा पाहून निम्मे परत बसले, हे मी निघताना पाहिलं.

रविवारी सकाळी दहाला सभागृह पुन्हा भरलं. मॅडम आल्या, साहेब आले. वैजूच्या वर्गातली पोरं हाताची घडी घालून, पुराव्याची वाट बघत बसली होती. पिक्चर सुरू झालं आणि लाल झगा दिसला तसा वैजूने आजूबाजूला एक नजर टाकली. तेवढ्यासाठी मी धडगावलाही गेलो असतो.

पण मला चैन नव्हतं. आवाजाचा जळलेला भाग फिल्मवरचा की वनाच्या मशीनमधला, हे आता कळणार होतं. फिल्मवरचा असेल तर वकिलातीला काय लिहायचं, याचा मसुदा मी मनात दोनदा खोडला होता.

उमीने मडकं ठेवलं. झाकण उचललं.

शांतता.

मी खुर्च्यांमधून वाकून पळत लोटनपाशी गेलो. "आवाज," मी म्हणालो. हळू बोललो असं मला वाटलं. नंतर कळलं की रस्त्यावरच्या लोकांनाही ऐकू गेलं.

लोटनने शांतपणे कर्ण्याचं बटण पूर्ण वर नेलं. फिल्मची सूक्ष्म खरखर सभागृहात भरली. "सगळं ठीक आहे, साहेब," तो म्हणाला. "आवाज येतोय. त्यांनी इथे काही घातलंच नाहीये."

मी मशीनला टेकून उभा राहिलो. त्यांनी घातलंच नव्हतं. ज्या जपानी माणसाने ही सगळी चित्रं काढली, त्याने एवढा डोंगर चढवून आणलेलं मडकं उघडलं आणि तिथे जागा रिकामी ठेवली. ही गोष्ट असोद्यात जाऊन सांगावी असं मला क्षणभर वाटलं. मग वाटलं, ते म्हणतील, मंग? त्याले मदत नको का करायला.

पडद्यावर कोंबडा मान ताणत होता. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल असं होतं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे वळून, काय बिघडलंय, अशी खूण केली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

वैजू जमिनीवरून उभी राहिली. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि तिने बांग दिली. बारीक, चिरकी, पण बांगच.

कोणी तरी खुदकन हसलं. मुख्याध्यापक उठायला लागले. वैजूने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच बघत ती पुढच्या कोंबड्याची वाट बघत होती. तो आला तेव्हा तिने पुन्हा बांग दिली, आणि या वेळी तिच्या शेजारच्या मुलीने साथ दिली. बैल आला. तिसऱ्या ओळीतल्या एकाने घंटा वाजवली. मग सगळ्या पोरांना कळलं की इथे काय करायचं असतं, आणि सभागृहात असा काही गोंधळ उठला की छपरावरची कबुतरं उडाली. मुख्याध्यापक अर्धे उठलेले तसेच उभे राहिले.

पडद्यावर एक बाई अंगणात दाणे टाकायला आली. तिच्याभोवती कोंबड्या धावत होत्या. शहरातली पोरं. कोंबड्यांना कसं बोलावतात हे त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यापुरता गोंधळ थांबला.

तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, "तीऽ ती ती ती ती."

अस्सल आवाज होता. गोठ्यात आणि अंगणात वाढलेल्या माणसालाच असा येतो. पडद्यावरच्या कोंबड्या खरोखर त्या आवाजाकडे धावल्यासारख्या दिसल्या. पोरं माना वळवून बघायला लागली. माझे साहेब अंग चोरून, मान सरळ ठेवून बसले होते, जणू त्यांनी काही ऐकलंच नाही. त्यांच्या शेजारी मॅडम पदर सावरून पडद्याकडे बघत होत्या, आणि पडद्यावरच्या बाईने दुसरी मूठ टाकली तेव्हा त्यांनी कोंबड्यांना पुन्हा बोलावलं.